झिजलेल्या रंगाखालचं पितळ

संशयी: काळ्या रंगाचा जुना कॅमेरा हाती आला की शौकीन माणूस आधी त्याच्या कडा बघतो. कडेचा रंग उडून खालचं पितळ दिसत असेल तर तो खूश होतो. बॉडी कोरी करकरीत असेल तर त्याला काहीतरी उणं वाटतं. मला हे मुळातूनच उलटं वाटतं. रंग लावतात तो धातू झाकायला. तो निघाला म्हणजे त्यानं आपलं काम सोडलं. लायकाचाच इतिहास घ्या. 1925 मध्ये लाइपझिगच्या वसंत-मेळ्यात हा कॅमेरा लोकांपुढे आला तेव्हा त्याच्या अंगावर काळं रोगण होतं. ते झिजायचं. 1933 च्या सुमारास क्रोमचा मुलामा आला. तो कितीतरी टणक होता आणि लवकरच तोच नेहमीचा झाला. 1954 चा एम3 बहुतांशी रुपेरी क्रोममध्येच विकला गेला. पुढे सत्तरच्या दशकात काळी बॉडीही टिकावी म्हणून काळा क्रोम आला. कारखान्यातल्या माणसांनी जो दोष घालवण्यासाठी एवढी वर्षं खटपट केली, त्यालाच आज सौंदर्य म्हणायचं?

रसिक: तुमच्या इतिहासात कारखाना आहे, पण कॅमेरा वापरणारा माणूस नाही. क्रोम टिकाऊ होता, तरी काळ्या रंगाची मागणी कधी पुरती थांबली नाही. वृत्तछायाचित्रकारांना काळी बॉडी हवी असे, कारण रुपेरी टॉप प्लेट उन्हात चमकते आणि समोरचा माणूस सावध होतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाचे चमकणारे भाग काळ्या चिकटपट्टीनं झाकत. ही माणसं रंग झिजणार हे जाणून होती. टिकणं आणि नजरेत न भरणं यांपैकी एकच मिळणार असेल तर नजरेत न भरणं त्यांना जास्त मोलाचं होतं. त्यामुळे पितळ निघालेली काळी बॉडी बहुतेक वेळा अशा माणसाच्या खांद्यावर दिसे, ज्याचा कॅमेरा रोज बाहेर पडत होता. आजची आवड तिथून आली आहे.

आणि ही झीज होते कशी तेही बघण्यासारखं आहे. ओलं रोगण पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरकतं, म्हणून कडेवर त्याचा थर मुळातच पातळ असतो. हाताचा, पिशवीचा, कमरेच्या पट्ट्याचा दाबही नेमका तिथेच पडतो. त्यामुळे सुरुवात सगळ्यांची सारखी होते, कोपऱ्यांपासून. पुढे मात्र वाटा फुटतात. कुणाचा अंगठा लिव्हरच्या बाजूला टेकतो, कुणाचं बोट शटरच्या डायलशी खेळत राहतं, कुणाच्या पट्ट्याची कडी बॉडीवर घासते. कॅमेरे एकाच साच्यातून निघाले तरी वीस वर्षांनी दोन बॉडींच्या खुणा जुळत नाहीत.

संशयी: खुणा जुळत नाहीत एवढ्यावरून त्या वाचता येतात असं होत नाही. पिशवीत दुसऱ्या लेन्सला घासून निघालेला रंग आणि हातानं झिजलेला रंग दिसायला सारखाच. युद्धछायाचित्रकार डॉन मॅकलिन यांच्या निकॉननं युद्धात त्यांच्यावर आलेली गोळी झेलली. त्या भोकाला एक घटना आहे, ते साक्ष देतं. कोपऱ्यावरचं पितळ कशाची साक्ष देतं? कुठला दिवस, कुठली जागा, कुठला माणूस?

शिवाय तुमची निवड फार सोयीची आहे. कॅमेरा जुना होतो तो काही कडांवरूनच नाही. मुंबईत किंवा कोकणात चार पावसाळे तो लेदर केसमध्ये बंद ठेवून बघा. लेन्सच्या आत फंगसचं जाळं पसरतं. चामडं ओल धरतं आणि त्याला लागून असलेल्या पितळावर हिरवा थर चढतो. जुन्या झाइस इकॉन कॅमेऱ्यांच्या आवरणाखाली धातू गंजून पुटकुळ्या येतात. जुन्या लायकावरचं कडक रबराचं आवरण, म्हणजे व्हल्कनाइट, ठिसूळ होऊन त्याचे टवके उडतात. अलीकडच्या डीएसएलआरची रबरी पकड काही वर्षांनी चिकट होते, हाताला काळं लागतं. हेसुद्धा वयच आहे. पण यातल्या कशाचा फोटो कुणी कौतुकानं दाखवत नाही. म्हणजे तुम्हाला काळाची खूण आवडत नाही. सोनेरी रंग आवडतो आणि त्याला तुम्ही काळाचं नाव देता.

रसिक: आक्षेप चांगला आहे, कारण त्यानं मला एक फरक नीट मांडायला लावला. चिकट झालेलं रबर, फंगस, हिरवा थर या गोष्टी वापराविना घडतात. किंबहुना कपाटात पडून राहिल्यानं जास्तच घडतात. कॅमेरा कुणी हातात न घेताही रबर विघटित होतं. कडेवरचं पितळ मात्र कपाटात उघडं पडत नाही, त्याला हात लागावा लागतो. एक वय नुसत्या काळाचं आहे आणि दुसरं कामाचं. माझं कौतुक दुसऱ्याचं आहे.

पितळ त्यापुढेही काही सांगतं. ते तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. रंगाखालून नुकतं उघडं पडलं की पिवळंधमक असतं, हवेत राहिलं की तपकिरी पडत जातं. पण जिथे रोज बोट फिरतं तिथे तो तपकिरी थर धरतच नाही. म्हणून चालत्या कॅमेऱ्यावर काही जागा उजळ आणि काही मळकट दिसतात, आणि ठेवून दिलेला कॅमेरा सगळा सारखाच काळवंडतो. हे सगळ्याच धातूंना जमत नाही. 1984 च्या लायका एम6 ची टॉप प्लेट जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव होती. तिच्यावर झीज अशी शोभत नाही, उलट पुष्कळ बॉडींवर मुलाम्याखालून बारीक फोड येतात. त्या कॅमेऱ्यानं फोटो तेवढेच चांगले काढले, हे मी मान्य करतो. पण त्याच्या अंगावर हाताची नोंद तशी उमटत नाही.

संशयी: नोंद म्हणता, पण पितळावरच्या डागाला आपल्याकडे कधी कुणी नोंद म्हटलं का? आपल्या घरांत पितळेच्या भांड्यांचा तपकिरी थर म्हणजे कळक. चिंच लावून, राख लावून ती घासून लख्ख करायची, आतून कल्हई लावायची. ज्या घरातली भांडी काळवंडलेली ते घर आळशी. वस्तूवरचं प्रेम आपल्याकडे निगेतून दिसत आलं आहे. झीज दाखवण्यातून नाही. मग कॅमेऱ्याच्या बाबतीतच हे प्रेम उलट का वळावं?

आणि नोंद असलीच तर ती चुकीच्या जागी आहे. छायाचित्रकाराच्या कामाची नोंद निगेटिव्हवर असते. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या, पुढे दिल्लीत स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स घेऊन त्यांनी स्वतंत्र होणारा देश टिपला आणि 1970 मध्ये हे काम थांबवलं. त्यांच्या कॅमेऱ्याचा रंग कुठे उडाला होता हे कुणी विचारत नाही, विचारायची गरजही नाही. ऑगस्ट 1947 चा लाल किल्ल्यावरचा ध्वज त्यांच्या चित्रात आहे. तिथे एवढी मोठी साक्ष हजर असताना कॅमेऱ्याच्या कोपऱ्याकडे बघायचं म्हणजे लक्ष मुद्द्यावरून ढळवायचं.

रसिक: भांड्याचा दाखला तुम्ही दिलात, तो पुरता बघू या. त्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. लग्नात, बारशाला दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकीनं कोरलेली असते. वर्षानुवर्षं चिंचेनं घासून घासून ती अक्षरं बुजत जातात, काठ पातळ होतो, बुडाचा पोचा गोल होतो. घासणारी बाई कळक काढते, पण त्याच हातानं तिची स्वतःची खूण भांड्यावर ठेवते. निगा आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, निगेनंही झीज होते. कॅमेऱ्याच्या कडेवरचं पितळ मला त्या बुजत गेलेल्या नावाजवळचं वाटतं. हिरवा थर मीसुद्धा काढून टाकीन.

चित्रांबद्दल तुमचं म्हणणं मी पूर्ण मानतो. व्यारावालांची थोरवी त्यांच्या चित्रांत आहे. पण चित्र सांगतं ते जमलेल्या क्षणाबद्दल. ज्या हजार वेळा कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं नाही, ज्या दिवशी काहीच हाती आलं नाही, ते दिवस चित्रात येत नाहीत. ते फक्त यंत्राच्या अंगावर साठतात. मॅकलिन यांच्या निकॉनवरची गोळी एका दिवसाची साक्ष देते. कोपऱ्यावरचं पितळ त्या बाकीच्या दिवसांची साक्ष देतं, ज्यांना घटना म्हणावी असं काही घडलं नाही. छायाचित्रकाराच्या आयुष्यात असे दिवसच जास्त असतात. म्हणून ती साक्ष अंधूक आहे. खोटी नाही.

आणखी एक गोष्ट व्यवहारातली आहे. पहिल्या ओरखड्याच्या धास्तीनं कॅमेरा बाहेरच न काढणारी माणसं मी पाहिली आहेत. पावसात नको, गर्दीत नको, समुद्रावर तर नकोच. झिजून चांगली दिसणारी वस्तू माणसाला ती धास्ती सोडायला शिकवते. झीज हे नुकसान नाही असं एकदा मनानं घेतलं की कॅमेरा रस्त्यावर येतो, आणि शेवटी चित्रं तिथेच निघतात.

संशयी: हे खरं असेल, पण जितके दिवस कुणी त्या झिजेकडे लक्ष देत नव्हतं तितकेच दिवस. तिला किंमत आली आणि ती बिघडली. 2015 मध्ये लायकानं गायक लेनी क्रॅविट्झच्या डिझाइन-संस्थेकडून एक खास एम-पी आखून घेतला, 125 संच. त्याची झीज कारखान्यातच, हातानं घासून केलेली होती. विकत घेणाऱ्यानं एकही फोटो काढायच्या आधी कॅमेरा वर्षानुवर्षं फिरल्यासारखा दिसत होता. ही टोकाची गोष्ट म्हणून बाजूला सारू नका. मूळ काळ्या रंगाच्या एम3 ला चांगला भाव येतो म्हणून रुपेरी बॉडीचा क्रोम काढून ती काळी रंगवायची आणि मग कडा झिजवायच्या, हेही होतं. म्हणूनच जाणकार आधी बॉडीवरचा क्रमांक काळ्या बॉडींच्या यादीशी ताडून बघतात. ज्या खुणेवर विश्वास ठेवायच्या आधी क्रमांक तपासावा लागतो, ती खूण साक्षीदार कशी?

आणि फसवणूक सोडून द्या. ज्याला पितळ दिसावंसं वाटतं तो माणूस कॅमेरा वापरताना तिकडे बघू लागतो. पिशवीत तो जरा मोकळाच ठेवतो. कडेवर बोट जास्त फिरवतो. लबाडी तो करत नाही, पण त्याचा वापर आता फोटोसाठी राहत नाही, खुणेसाठी होतो. तुमचं सगळं कौतुक या गृहीतावर उभं आहे की ती खूण कुणाला नको असताना आपोआप आली. ती हवीशी वाटली की गृहीत ढासळलं.

रसिक: इथे तुम्ही माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. कारखान्यातली झीज मलाही मान्य नाही. तिच्यात काळाची नक्कल आहे आणि काळ नाही. पण खोटी झीज करणं आणि झिजू शकणारा पदार्थ निवडणं या एकच गोष्टी नव्हेत. 2003 च्या एमपीला पुन्हा काळा रंग आला. 2022 मध्ये एम6 परत आला तेव्हा त्याची टॉप प्लेट जस्ताच्या जागी पितळेची झाली. निकॉननं 2023 च्या झेडएफवर पितळी डायल बसवले. उलट फुजीफिल्मनं 2019 च्या एक्स-प्रो3 ला टायटॅनियमची प्लेट दिली आणि त्याच्या दोन प्रकारांवर ओरखडे पडू नयेत म्हणून ड्युराटेक्ट नावाची टणक प्रक्रिया केली. दोन्ही निवडी प्रामाणिक आहेत. एक म्हणते, ही वस्तू वीस वर्षांनी आजच्यासारखीच दिसेल. दुसरी म्हणते, ही वीस वर्षांनी तुझ्यासारखी दिसेल. माझा कल दुसरीकडे आहे, एवढंच.

संशयी: पण ही वीस वर्षं आणणार कुठून? नवीन काळ्या एम6 चा रंग घर्षणाला दाद देत नाही असं सांगूनच विकला जातो. आणि डिजिटल कॅमेऱ्याचं तर विचारूच नका. पितळ उघडं पडायच्या आत त्याची बॅटरी बाजारातून जाते, सेन्सर जुना ठरतो, सर्किट बिघडलं तर सुटा भाग मिळत नाही. 2022 च्या एम11 मध्ये लायकानं काळ्या बॉडीची टॉप प्लेट ॲल्युमिनियमची केली. ती बॉडी रुपेरी पितळी बॉडीपेक्षा सुमारे 100 ग्रॅमनं हलकी आहे. दिवसभर गळ्यात अडकवणाऱ्या माणसाला या 100 ग्रॅमचं मोल कडेच्या सोन्यापेक्षा जास्त असतं.

खरी झीज तर आतच असते. रबर चढवलेल्या कापडी शटर-पडद्याला उन्हानं बारीक भोकं पडतात, वंगण सुकून संथ वेग आणखी संथ होतात, रेंजफाइंडर हलतो. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जुना कॅमेरा घेणाऱ्यानं एक सेकंदाचा वेग कानानं ऐकायला हवा, भिंगातून उजेड टाकून फंगस बघायला हवं. कडेच्या पितळानं भुलून तो हेच विसरतो. झिजेवर एवढं प्रेम असेल तर ते त्या मेकॅनिककडे वळू द्या, जो आतली झीज भरून काढतो.

रसिक: हा तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा, आणि तो मी तुमच्याविरुद्ध न वापरता स्वतःच्या अंगावर घेतो. आत्तापर्यंत मी म्हणत होतो की पितळ हाताची नोंद आहे. तुमचं ऐकल्यावर वाटतं की ती एका हाताची नाही. 1954 चा एम3 आज चालतो तो केवळ चांगला बनवला म्हणून नाही. दर काही वर्षांनी कुणीतरी तो उघडला, जुनं वंगण पुसलं, पडदा बदलला, वेग जुळवले. रंग झिजायला जितकी वर्षं लागतात तितकी वर्षं आतलं यंत्र कुणीतरी चालतं ठेवावं लागतं. ज्या बॉडीची सर्व्हिसिंग झाली नाही ती कपाटात गेली आणि तिची झीज तिथेच थांबली. म्हणजे बाहेरचं पितळ हे आतल्या दुरुस्तीचं उपफळ आहे. ज्या वस्तूची दुरुस्तीच होऊ शकत नाही तिला पितळेची टॉप प्लेट दिली तरी ती नुसती सजावट. डिजिटलबद्दलची तुमची शंका मला या टप्प्यावर मान्य करावी लागते.

संशयी: मग या कबुलीचा शेवटपर्यंत पाठपुरावा करा. समजा असा कॅमेरा सर्व्हिसिंगला गेला. मेकॅनिक विचारतो, आत सगळं नवं केलं, बॉडीलाही रंग मारून देऊ का? तुम्ही काय सांगाल?

रसिक: कॅमेरा उद्या कामावर जाणार असेल आणि त्याच्या मालकाला काळी बॉडी हवी असेल, तर मारा म्हणेन. पडदा बदलायला हरकत नाही आणि रंग बदलायला हरकत, असं का? यंत्र चालतं ठेवणं हाच आदर असेल तर रंगही त्यात आला. झीज पुन्हा येईलच. जुनी झीज जपण्यासाठी माणसाला त्याचं काम नडू द्यायचं, तर आपण कॅमेरा सोडून त्याचं कातडं पूजतो.

संशयी: आणि मी नको म्हणेन. तुम्हाला आश्चर्य वाटेल, कारण इतका वेळ मीच या झिजेला दोष म्हणत होतो. पडदा बदलला तरी पडदा काही सांगत नव्हता. त्यावर कुणी डोळे रोखले नव्हते. बाहेरचा पृष्ठभाग मात्र, अंधूक का होईना, पूर्वी कुणाच्या हातात काय होतं याचा एकमेव पुरावा आहे. तो पुसून नवा चढवला की मघाशी ज्या बनावटीबद्दल मी तक्रार केली तिच्यात आणि यात फरक फक्त हेतूचा उरतो, पाहणाऱ्याला तो दिसत नाही. लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांनी स्वतः वापरलेला, चाचणीसाठी बनवलेल्या शून्य मालिकेतला 105 क्रमांकाचा कॅमेरा 2022 मध्ये वेट्झलारच्या लिलावात 1 कोटी 44 लाख युरोंना गेला. त्याला कुणी रंग मारायचं सुचवेल?

रसिक: नाही. पण त्यानं आता कुणी फोटोही काढणार नाही. तो कामातून गेला आहे, म्हणून त्याचा पृष्ठभाग दस्तऐवज झाला. दस्तऐवजाला हात लावू नये, हे मला मान्य. चालत्या कॅमेऱ्याचा पृष्ठभाग मात्र त्याची आजची अवस्था आहे, आणि अवस्था बदलायचा हक्क वापरणाऱ्याचा आहे.

संशयी: मग तो कामातून गेला हे ठरवायचं कुणी? बार्नाक यांचा तो कॅमेराही कधीतरी रोजच्या कामाचाच होता. त्या काळात कुणी तुमच्या न्यायानं त्याला नवा रंग चढवला असता तर आज वाचायला काहीच उरलं नसतं. दस्तऐवज होण्याआधी प्रत्येक वस्तू अवस्थाच असते. कुठली पुढे दस्तऐवज ठरेल हे ती वापरली जात असताना कळत नाही.

रसिक: खरं आहे. पण प्रत्येक वस्तू पुढे दस्तऐवज होईल या भीतीनं जपायची ठरवली, तर ती वापरायचीच राहते, आणि मग तिच्यावर वाचण्यासारखं काही उमटतच नाही. पूर्वी ज्यांनी हा कॅमेरा हाताळला त्यांचा त्यावर हक्क आहे, हे तुम्ही मला पटवलंत. आज तो ज्याच्या हातात आहे त्याचाही आहे, हे मी सोडणार नाही. मेकॅनिक प्रश्न विचारेल तेव्हा या दोन हक्कांपैकी एकाला गप्प बसावं लागेल. कुठल्या, हे प्रत्येक कॅमेऱ्यापुढे पुन्हा नव्यानं ठरवावं लागेल.

संशयी: ते ठरवताना कडेचं पितळ सुंदर दिसतं की नाही हा प्रश्न कुणी मध्ये आणू नये, एवढं तरी आपण दोघं मिळून म्हणू शकतो.